तळहाताएवढं पाणी

पाऊण मीटर लांबीची, रिमोटवर चालणारी बोट ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने समोरून जाते, तेव्हा ती पाण्यात नसतेच. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हवेत असते, पोटाचा पुढचा मोठा भागही हवेत असतो. पाण्याला टेकलेला असतो तो फक्त पिछाडीचा तळहाताएवढा त्रिकोण, रडरचं, म्हणजे सुकाणूचं, पातं आणि प्रॉपचा, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचा, खालचा अर्धा भाग. प्रॉपचा वरचा अर्धा भाग हवेत फिरतो आणि मागे पाण्याचा पिसारा उडवत जातो. वेगवान इलेक्ट्रिक बोट बांधायची म्हणजे हा तळहाताएवढा स्पर्श नेमका कुठे आणि किती ठेवायचा, एवढंच ठरवायचं असतं. बाकी सगळी खटपट त्याच्यासाठी.

बहुतेक जण सुरुवात मोटरपासून करतात आणि तिथेच चुकतात. ताकदवान मोटर, चारऐवजी सहा सेलची बॅटरी, मोठा प्रॉप घेतला जातो आणि मग बोट माशासारखी उड्या मारत जाते किंवा दोन मिनिटांत धूर काढते. जिची तळाची रेष सरळ आहे आणि तोल जागेवर आहे अशी बोट साध्या मोटरवरही सुसाट जाते. वाकड्या तळाच्या बोटीला मोठी मोटर लावली तर तिचा वाकडेपणा जास्त वेगाने दिसतो, इतकंच.

जाता जाता एक गंमत. रेडिओ लहरींनी दुरून चालवलेल्या यंत्रांच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच एक बोट आहे, तीही बॅटरीवर चालणारी. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती हौदात चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचं पेटंट मिळवलं. वीज आणि पाणी एकाच डब्यात सुखाने कशी नांदवायची, हा प्रश्न त्यालाही सोडवावा लागला असणार.

इथे डोळ्यासमोर धरली आहे ती व्ही तळाची एकसंध बोट, मंडळी जिला नुसतं ‘मोनो’ म्हणतात ती. लांबी ७५ सेंटिमीटर, रुंदी २१-२२, पिछाडीला तळाचा उतार १८ ते २० अंश आणि बॅटरीसकट वजन सव्वादोन किलोच्या आत. कॅटामरान सरळ रेषेत जास्त स्थिर असते आणि हायड्रोप्लेन सगळ्यांत वेगवान, पण थोड्या लाटांतही हाताळता येते आणि हाताने बांधायला सोपी जाते ती मोनोच.

सांगाड्यासाठी ३ मिलिमीटर प्लायच्या आडव्या चौकटी आणि त्यांच्या खाचांत बसणाऱ्या ५ × ५ मिलिमीटरच्या लांब पट्ट्या. तळाला २ मिलिमीटर प्लाय, बाजूंना दीड पुरतो. हे सगळं उलटं बांधायचं, म्हणजे तळ आभाळाकडे. त्यासाठी खाली खरोखर सपाट जागा लागते, आणि घरातलं टेबल सपाट नसतं. मार्बलवाल्याकडे ओट्याच्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडलेले असतात. मीटरभर लांबीचा एक तुकडा आणला की प्रश्न मिटतो. सांगाडा त्यावरून उचलायचा तो तळ चिकटून पूर्ण सुकल्यावरच. आधी उचलला की पीळ बसतो, आणि पीळ बसलेली बोट आयुष्यभर एका बाजूला कलते.

तळाच्या मागच्या ४० सेंटिमीटरवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघायचं. फट दिसता कामा नये. पिछाडीकडे तळ खाली वळलेला असेल, तर वेगात नाळ पाण्यात दाबली जाते. वर वळलेला असेल, तर नाळ उचलते, आपटते, पुन्हा उचलते आणि बोट डुचमळत जाते. अर्धा मिलिमीटरचा फरकही साठच्या वेगाला जाणवतो. दुसरी गोष्ट कडांची. पिछाडीची उभी फळी आणि तळ जिथे मिळतात ती कड आणि तळ व बाजू मिळतात त्या दोन्ही कडा धारदार हव्यात. गोल कडेवरून पाणी सुटत नाही. ते वळून बाजूला चिकटतं आणि बोटीला मागे ओढतं. सँडपेपर मारता मारता हौसेने या कडा गुळगुळीत केल्या जातात आणि मग वेग कुठे गेला म्हणून शोधाशोध सुरू होते. कड गेली असेल तर मास्किंग टेपचा बांध घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने ती पुन्हा उभी करावी आणि पट्टीवर गुंडाळलेल्या सँडपेपरने घासावी.

राळ इपॉक्सीच वापरावी. बाजारात ‘फायबरचं काम’ म्हणून स्वस्त मिळते ती पॉलिएस्टर रेझिन असते. ती प्लायला नीट धरत नाही आणि थर्माकोल विरघळवते. शिवाय तिच्यासोबत मिळणारं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो. इपॉक्सीचं प्रमाण अंदाजाने घेऊ नये. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मोजावं. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा समज चुकीचा आहे. तशी राळ कडक न होता रबरासारखी राहते. एप्रिल-मेच्या उकाड्यात कपातली राळ दहा मिनिटांत तापून गोळा होते, म्हणून कालवल्याबरोबर ती पसरट ताटलीत ओतावी आणि हळू सुकणारा हार्डनर घ्यावा. पावसाळ्यात उलटा त्रास. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय येते आणि पुढचा थर तिच्यावर धरत नाही. साध्या पाण्याने धुऊन, सुकवून, घासूनच पुढे जावं. बाहेरून चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचं काचकापड एक थर, तळाला हवं तर दोन. एका थराचं कापड आणि राळ मिळून तळापुरतं पन्नासेक ग्रॅम वजन वाढतं. आतून पातळ राळेचा एक हात सगळीकडे फिरवायचा, चौकटींच्या मागच्या कोपऱ्यांतसुद्धा. बोट कधी ना कधी आतून भिजणारच आहे. नाळेत आणि बाजूंच्या पोकळ्यांत फोम ठासून भरावा. तो पुरेसा झाला का, हे बादल्यांनी बोट पाण्याने भरून, आत बॅटरीच्या वजनाचे दगड ठेवून पाहायचं. तरंगली पाहिजे.

आता शाफ्ट. आतली मोटर आणि बाहेरचा प्रॉप एका रेषेत नसतात, म्हणून मध्ये तारेची पिळलेली लवचिक केबल असते. तिला फ्लेक्स म्हणतात, आणि या आकाराला ४ मिलिमीटरची पुरते. ती पितळी नळीतून, टेफ्लॉनच्या अस्तरातून जाते. नळीचा बाक लांब आणि हळुवार हवा. कोपरा पडला की तिथेच केबल तापते, घासते आणि एक दिवस तुटते. नळी वाकवण्यापूर्वी लाल करून थंड होऊ द्यावी आणि बारीक वाळू ठासून भरावी, म्हणजे ती चपटी होत नाही. सगळं बसल्यावर, मोटर जोडण्याआधी, केबल दोन बोटांत धरून फिरवून पाहावी. अडकत असेल तर नळी सोडवून पुन्हा बसवावी, पुढे जाऊ नये. मोटरने ती ओढली जाते हे खरं, पण ती ओढ बॅटरीतूनच जाते आणि उष्णता होऊन बाहेर पडते.

एक बारकावा नवख्यांना हमखास नडतो. प्रॉपवर भार आला की केबल पिळली जाते आणि आखडते. म्हणून प्रॉपला पकडणारा ड्राइव्ह डॉग आणि पिछाडीला केबलचं टोक धरणारा आधार, म्हणजे स्ट्रट, यांच्यात ३ मिलिमीटर फट सोडायची. ती नसली तर आखडलेली केबल ड्राइव्ह डॉगला स्ट्रटवर दाबून धरते. मग मोटर भाजते आणि कारण सापडत नाही. केबलचा पीळ एकाच दिशेने भार घेण्यासाठी असतो. उलट फिरवली तर ती उलगडते. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल कराव्यात, बस्स. मोटरच्या बाजूला केबल कोलेटने पकडतात. कोलेट घट्ट केल्यावर तो आणि केबल दोन्हींवर मार्करने एक सलग रेघ ओढून ठेवावी. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर केबल घसरते आहे.

मोटर निवडताना तिच्यावर लिहिलेल्या केव्हीशी, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांशी, बॅटरीचा व्होल्ट गुणायचा. ३६ मिलिमीटर व्यासाची, ७४ लांबीची, २००० केव्हीची मोटर आणि चार सेलची, १४.८ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेतली तर मोकळे फेरे मिनिटाला २९,६०० होतात. या आकाराच्या बोटीला तीस हजारांच्या आसपास राहणं शहाणपणाचं. प्रॉप ४० मिलिमीटर व्यासाचा, पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर ५६ मिलिमीटर पुढे. गुणाकार केला की ताशी ९९ किलोमीटर येतात आणि माणूस हरखतो. पण भाराखाली फेरे ऐंशी टक्क्यांवर येतात आणि त्यातलेही पंधराएक टक्के पाण्यात घसरण्यात जातात. हाती उरतात ६५-६७. हे सगळं जमून आलं तर.

वेग वाढवण्याचा मोह इथेच होतो, म्हणून दोन आकडे लक्षात असावेत. प्रॉप ओढायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते आणि व्यासाच्या पाचव्या घाताने. अर्धा हवेत फिरणाऱ्या प्रॉपला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, पण ठोकताळा म्हणून पुरतो. ४० चा प्रॉप काढून त्याच जातीचा ४२ चा लावला, तर २८ टक्के जास्त शक्ती लागते. दिसायला दोन मिलिमीटर! आणि तीन सेलच्या बोटीला तोच प्रॉप ठेवून चौथा सेल दिला, तर शक्ती जवळजवळ २.४ पट लागते. ६० अँपिअर ओढणारी बोट १०० च्या वर जाते. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी विजेची पेटी, जळाली म्हणून तिच्या नावाने खडे फोडण्याआधी हे गणित एकदा कागदावर करून पाहावं.

जास्त शक्ती हवीच असेल तर व्होल्ट वाढवावेत आणि केव्ही कमी करावी. हजार वॉट १४.८ व्होल्टवर ६८ अँपिअरने मिळतात, सहा सेलच्या २२.२ व्होल्टवर ४५ ने. तारांमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने ठरते, म्हणजे निम्म्याहून कमी होते. सहा सेलला १४०० केव्हीची मोटर घेतली की फेरे पुन्हा तिथेच, ३१ हजारांवर.

ईएससी पाण्याने थंड होणारी, १२० अँपिअरची. बॅटरी ५००० एमएएचची. तिच्यावर लिहिलेल्या सीच्या, म्हणजे ती किती जोराने वीज देऊ शकते त्याच्या, आकड्यावर फार विसंबू नये. ऐंशी टक्केच वापरायची म्हटलं तर ४००० एमएएच हातात राहतात, आणि सरासरी ६० अँपिअरला ते बरोबर चार मिनिटं पुरतात. ट्रान्समीटरचा टायमर साडेतीनवर लावावा, म्हणजे परत यायला उरतं. बॅटरी आणि ईएससीमधली तार लांबवू नये. लांब तारेमुळे व्होल्टचे झटके वाढतात आणि ईएससीच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर फुगतात. लांबवायचीच असेल तर मोटरकडच्या तीन तारा लांबवाव्यात.

थंड पाणी रडरच्या पुढच्या धारेतल्या भोकातून आत येतं, सिलिकॉन नळीने ईएससी आणि मोटरच्या जॅकेटमधून फिरतं आणि बाजूच्या तोटीतून बाहेर पडतं. ही तोटी किनाऱ्यावरून दिसेल अशा बाजूला ठेवावी. धार दिसेनाशी झाली की बोट लगेच परत आणावी. नळीच्या प्रत्येक टोकाला बारीक तारेचा वेढा किंवा केबल टाय हवा, कारण आत सुटलेली एक नळी मिनिटभरात बोट भरते. आणि बोट हळू चालवली तर सुरक्षित, हाही एक गैरसमज. अर्ध्या थ्रॉटलवर ईएससी जास्त तापते आणि त्याच वेगात पाणीही धड फिरत नाही. रिसीव्हरची अँटेना प्लास्टिकच्या नळीत, पाण्याच्या रेषेच्या वर उभी हवी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि कार्बन कापड अडवतं. सिग्नल तुटल्यावर थ्रॉटल शून्यावर जाईल असा फेलसेफ लावून, ट्रान्समीटर बंद करून तो तपासावा. हे टेबलावर करताना प्रॉप काढलेला असावा. धार लावलेला प्रॉप हाताचं बोट शिल्लक ठेवत नाही.

धार लावायची असतेच. ओतीव प्रॉप दुकानातून येतो तो बोथट आणि असंतुलित. पाण्याला मागे ढकलणाऱ्या बाजूला हात लावायचा नाही. दुसऱ्या, फुगीर बाजूने पुढची कड कानसून पातळ करायची, मग ४०० पासून १००० पर्यंतचा ओला कागद. नंतर दोन उभ्या ब्लेडच्या धारांवर सरळ सळई टाकून त्यात प्रॉप अडकवायचा. जड पातं खाली येतं. त्याची फुगीर बाजू घासत राहायचं, प्रॉप कुठेही थांबेपर्यंत. प्रॉप बेरिलियम कॉपरचा असेल तर ही घासाघीस पाण्याखाली आणि मास्क लावून करावी. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. नायलॉनचे स्वस्त प्रॉप या फेऱ्यांना वाकतात. ते नुसतं बोट तरंगते का, हे पाहायला ठीक.

मग तोल. सगळं सामान बसवून, झाकण लावून बोट दोन बोटांवर उचलायची. तोलाचा बिंदू पिछाडीच्या फळीपासून लांबीच्या ३० टक्क्यांवर, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरवर असावा. मोजायचं फळीपासून, बाहेर आलेल्या रडरपासून नाही. बॅटरीखाली लांब वेल्क्रो लावावा, कारण पुढे सगळं गणित तिला पाच-पाच मिलिमीटर सरकवण्याचं आहे. स्ट्रट तळाला समांतर आणि शाफ्टची मधली रेष तळाच्या सर्वांत खालच्या कण्याशी समपातळीत, म्हणजे प्रॉप आपोआप अर्धा बुडतो.

पहिली फेरी अर्ध्या मिनिटाची. परत आणून मोटर, ईएससी, बॅटरी आणि त्यांचे कनेक्टर यांना हात लावून पाहायचा. तीन सेकंद बोट टेकवून ठेवता येत नसेल तर साठ अंश ओलांडलेत. इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर उत्तम. बॅटरी ५५ च्या आत, मोटर ७० च्या आत ठेवावी, कारण साध्या दर्जाच्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांपुढे कायमची जायला लागते. सगळं गार असेल तर मिनिटभर, मग दोन मिनिटं. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत. प्रॉप, स्ट्रट आणि बॅटरी असे तिन्ही एकदम हलवले, तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, हे कळायला मार्ग राहत नाही.

बोट काय म्हणते आहे ते बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती आपल्या समोरून आडवी न्यावी. नाळ लयीत वर-खाली होत असेल तर वजन मागे आहे. बॅटरी पाच मिलिमीटर पुढे. तरीही होत असेल तर स्ट्रटचं मागचं टोक अर्धा अंश खाली करावं. त्यामुळे प्रॉपचा जोर पिछाडी उचलतो आणि नाळ बसते. उलट, बोट पोटाने पाणी कापत जड चालली असेल, बाजूंनी पाण्याच्या भिंती उडत असतील, तर वजन पुढे झालंय किंवा स्ट्रट फार खाली आहे. स्ट्रट एक मिलिमीटर वर घेतला की प्रॉप कमी पाणी धरतो, अँपिअर उतरतात आणि कित्येकदा वेग वाढतो. फार वर घेतला की सुटताना प्रॉप नुसता फेस करतो आणि बोट जागची हलत नाही.

सगळ्यांत चिवट खोड म्हणजे पूर्ण वेगात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झोके घेणं. बोट इतकी वर आलेली असते की ती व्हीच्या टोकावर, सायकलसारखी तोल सांभाळत पळते. इथे पिछाडीच्या फळीवरच्या दोन ट्रिम टॅब, म्हणजे वाकवता येणाऱ्या छोट्या पट्ट्या, कामाला येतात. त्या तळाच्या रेषेत असतात, त्यांना केसभर खाली वाकवायचं. केसभर म्हणजे खरंच केसभर. तेवढ्याने टेकणारा भाग थोडा रुंदावतो. न थांबल्यास स्ट्रट मिलिमीटरभर खाली आणि वजन थोडं पुढे. वेग दोन-तीन किलोमीटर कमी होईल, पण बोट सरळ जाईल. बोट एकाच बाजूला झुकत असेल तर तो प्रॉपच्या फिरण्याचा उलटा झोक असतो. खाली झुकणाऱ्या बाजूची टॅब थोडी वाकवावी किंवा बॅटरी दुसऱ्या बाजूला बोटभर सरकवावी.

आरशासारख्या शांत पाण्यात वेग जास्त मिळेल असं वाटतं, पण तिथे तळ पाण्याला चिकटतो. बारीक शिरशिरी असलेलं पाणी बरं, सकाळी आठ-नऊच्या वाऱ्याला असतं तसं. वारा समोरून असेल तर सावध राहावं. नाळेखाली शिरलेल्या हवेचा उचल वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि एका लाटेवरून उठलेली बोट पाठीवर पडते.

जागेचा प्रश्न आपल्याकडे बिकट. शहराजवळच्या तलावांत जलपर्णी असते. तिचं एक मूळ प्रॉपला गुंडाळलं की मोटर अडते आणि अडलेली मोटर काही सेकंदांत ईएससी घेऊन जाते. गावाकडचं शेततळं मोकळं आणि स्वच्छ असतं, पण प्लास्टिक अंथरलेल्या त्याच्या उतारावरून पोहता येणाऱ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. बंद पडलेल्या बोटीमागे कुणीही पाण्यात उतरू नये. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि सावकाश ओढून घ्यायचा. माणसं पोहतात, जनावरं पाणी पितात, बदकं बसतात तिथे बोट सोडू नये. कोकणात खाडीच्या पाण्यात चालवायची झाली तर घरी आल्याबरोबर सगळं गोड्या पाण्याने धुवावं लागतं, कूलिंगच्या नळ्यांमधूनसुद्धा. मीठ एका रात्रीत बेअरिंग धरतं.

घरी आल्यावरचं काम गोड्या पाण्यानंतरही चुकत नाही. झाकण काढून बोट पंख्याखाली उघडी ठेवायची. कोलेट सैल करून केबल पूर्ण बाहेर ओढायची, करडा चिखल झालेलं जुनं ग्रीस फडक्याने पुसायचं आणि नवं मरीन ग्रीस बोटाने चोळून ती परत सरकवायची. ३ मिलिमीटरची फट पुन्हा मोजायची. मोटरच्या दोन्ही बेअरिंगवर तेलाचा एकेक थेंब. लिपो गार झाल्यावर दर सेल ३.८ व्होल्टवर आणून, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत, पडद्या-गाद्यांपासून लांब. फुगलेली बॅटरी असली तर ती पुन्हा बोटीत जात नाही. आणि वहीत त्या दिवशीच्या शेवटच्या फेरीचे आकडे: प्रॉप, स्ट्रटची उंची, बॅटरी फळीपासून किती, मोटर किती अंश, साडेतीन मिनिटांत किती एमएएच गेले.